गोळी चालू, रिपोर्ट नॉर्मल, तरी डोके जड

थायरॉईड ग्रंथी मंदावली की शरीराचा सगळा कारभार संथ होतो आणि त्यात मेंदूही येतो. नाडी मंद पडते, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही, वजन चढते, त्वचा कोरडी होते. ही लक्षणे दिसतात किंवा मोजता येतात. मेंदूचे मंदावणे मात्र बाहेरून दिसत नाही. रुग्णाने सांगितले तरच कळते आणि सांगायलाही नीट शब्द सापडत नाहीत. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते. महिनाअखेरचा हिशेब पूर्वी अर्ध्या तासात जुळायचा, तो आता तीनदा चुकतो. चार जणांच्या गप्पांत धागा मध्येच सुटतो आणि हसून वेळ मारून न्यावी लागते. डॉक्टरांसमोर बसल्यावर यातले फारसे काही सांगितलेच जात नाही. ‘डोके जड वाटते’, ‘काही सुचत नाही’, ‘विसरायला होते’ एवढेच तोंडून निघते. या तक्रारींच्या गठ्ठ्याला अलीकडे ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. तो स्वतंत्र रोग नाही आणि त्याची रक्तचाचणीही नाही. लक्ष टिकणे, नुकतेच ऐकलेले ध्यानात राहणे, शब्द चटकन आठवणे आणि विचाराचा वेग या चार गोष्टींत प्रामुख्याने घट जाणवते आणि तिच्या जोडीला बहुधा थकवा असतो.

उपचार सुरू होण्याआधी असे होणे समजण्यासारखे आहे. खरा पेच त्यानंतरचा आहे. निदान झाले, लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, काही महिन्यांत रक्तचाचणीतले टी.एस.एच. मर्यादेत आले, चेहऱ्यावरची सूज उतरली, पण डोक्यातला जडपणा हटला नाही, असे सांगणारे रुग्ण जगभर आहेत. निरनिराळ्या अभ्यासांत त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के आढळते. भारतातल्या आकड्यांशेजारी हे प्रमाण ठेवले की प्रश्न केवढा मोठा आहे ते कळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ शहरांतील प्रौढांची तपासणी झाली होती. त्यात मुंबई आणि गोवाही होते. तपासलेल्यांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची थायरॉईड मंदावलेली होती आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. सकाळी उठल्याबरोबर ही गोळी घेणारे कोणी नाही अशी सोसायटी किंवा शिक्षकखोली शहरात क्वचितच सापडेल.

अशा रुग्णाच्या पदरी बहुधा दोनपैकी एक उत्तर पडते. रिपोर्ट नॉर्मल आहे, तेव्हा तक्रार मनाची असणार, हे एक. डोस थोडा वाढवून पाहू, हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. उपचार चालू असताना राहिलेल्या जडपणाची कारणे अनेक असू शकतात आणि ती क्रमाने तपासावी लागतात.

जुनी निरीक्षणे

थायरॉईड आणि बुद्धीचा संबंध वैद्यकाला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत दिसणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले. चेहरा फुगीर, जीभ जाड, बोलणे संथ, आणि पूर्वी चौकस, उत्साही असलेले मन शांत उदासीनतेत गेलेले. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी या आजाराला मिक्सिडीमा हे नाव दिले. १८८८ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने शंभरावर रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात विचार मंदावणे आणि अलीकडच्या घटना न आठवणे या तक्रारी ठळकपणे होत्या. जवळपास निम्म्या रुग्णांना भास किंवा भ्रम होत असल्याचीही नोंद होती.

तीन वर्षांनी न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका ४६ वर्षांच्या बाईंवर उपचार केले. त्या सुधारल्या आणि पुढे २८ वर्षे जगल्या. एखाद्या ग्रंथीचा स्राव बाहेरून देऊन आजार आटोक्यात आणता येतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. पुढे १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी मनोरुग्ण म्हणून आलेल्या १४ जणांची हकिगत लिहिली. त्यांचा मूळ आजार थायरॉईडचा होता आणि उपचारांनी त्यांतले बहुतेक सुधारले. आज निदान इतके उशिरा क्वचित होते, त्यामुळे असे टोकाचे रुग्ण विरळ झाले आहेत. उरला आहे तो सौम्य जडपणा. तो सौम्य असल्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

मेंदूला टी-३ कुठून मिळते

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी-४ म्हणजे थायरॉक्सिन तयार करते. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. पेशींच्या आत प्रत्यक्ष काम करते ते टी-३. त्यात एक अणू कमी असतो. रक्तातल्या टी-३ पैकी साधारण ८० टक्के ग्रंथीबाहेर, यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी-४ मधला एक अणू काढून तयार होते. थायरॉईडचे काम बंद पडलेल्या माणसांच्या शरीरातही टी-४ चे टी-३ होते, हे १९७० मध्ये सिद्ध झाले. फक्त टी-४ ची, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची, गोळी देऊन भागते हा आजच्या उपचारांचा पाया त्या शोधामुळे पक्का झाला.

मेंदू मात्र रक्तातल्या टी-३ वर फारसा विसंबत नाही. मज्जापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशी रक्तातले टी-४ घेतात, डी-२ नावाच्या विकराच्या मदतीने त्याचे टी-३ करतात आणि शेजारच्या मज्जापेशींना पुरवतात. टी-३ कमी पडले की मेंदूची ऊर्जा वापरण्याची गती घटते आणि स्मरणासाठी महत्त्वाच्या हिप्पोकॅम्पस या भागाचे काम मंदावते. थायरॉईड बरीच कमी असलेल्या रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन केले असता रक्तप्रवाह आणि ग्लुकोजचा वापर दोन्ही कमी झालेले दिसले आहेत. अशा रुग्णाची ‘डोके चालत नाही’ ही तक्रार अक्षरशः खरी असते.

टी.एस.एच. हा पिट्युटरी ग्रंथीचा निरोप असतो. पिट्युटरीला टी-४ पुरेसे वाटले की टी.एस.एच. खाली येते. पिट्युटरी समाधानी आहे म्हणजे शरीरातली प्रत्येक पेशी समाधानी आहे, असा त्याचा अर्थ काढला जातो. बहुतेकांच्या बाबतीत तो बरोबरही ठरतो. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र केवळ टी-४ देऊन टी.एस.एच. नॉर्मल केले तेव्हा काही अवयवांत टी-३ कमीच राहिले. माणसांतही, टी-४ च्या गोळीवर असलेल्यांच्या रक्तात टी-४ च्या मानाने टी-३ थोडे कमी असते, असे सरासरीने दिसते. या फरकामुळेच जडपणा येतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आहे एवढ्यावरून तक्रार खोटी ठरवता येत नाही, इतके यावरून नक्की म्हणता येते.

गोळी रक्तापर्यंत पोहोचते का

तपासणीची सुरुवात सर्वांत साध्या प्रश्नाने करावी: गोळी कधी, कशाबरोबर आणि किती नियमित घेतली जाते? लेव्होथायरॉक्सिन लहान आतड्यात शोषले जाते आणि त्यासाठी पोट रिकामे असणे, जठरात पुरेसे आम्ल असणे महत्त्वाचे असते. गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नये, हा नियम त्यासाठीच आहे. महाराष्ट्रातल्या घरांत तो नेमका चहापाशी मोडतो. पाच वाजता उठायचे, डबे करायचे, आणि दुधाचा चहा घेतल्याशिवाय हात चालत नाहीत. गोळीपाठोपाठ दहा मिनिटांत चहा घेतला तर दुधातले कॅल्शियम शोषणाच्या आड येते. कॉफीनेही शोषण घटते.

याहून मोठी अडचण औषधांच्या एकत्र येण्याची आहे. अनेकांच्या उशाशी दोन गोळ्या असतात: थायरॉईडची आणि ‘गॅसची’. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या वर्गातली आम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे, कित्येकदा डॉक्टरांना न विचारता घेतली जातात. त्यांनी लेव्होथायरॉक्सिनचे शोषण घटू शकते आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्वही कमी होऊ शकते. म्हणजे एकच सवय डोक्याला दोन बाजूंनी त्रास देते. अशी गोळी खरोखर लागते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. पित्तावरचे पातळ औषध आणि सोयाबीनचे पदार्थ यांनाही लगेच गोळीच्या मागे लावू नये.

सकाळ कोणत्याही उपायाने साधत नसेल तर रात्री, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेण्याचा पर्याय आहे. काही अभ्यासांत तो सकाळइतकाच, किंबहुना थोडा अधिक परिणामकारक ठरला. घरात रात्रीचे जेवण साडेनऊला होत असेल तर मात्र तो कागदावरच राहतो. रमजानच्या महिन्यात रोजे ठेवणाऱ्यांनी वेळ कशी बदलायची हे आधीच डॉक्टरांशी ठरवून घेतलेले बरे. एकादशी, चतुर्थी यांसारख्या उपवासांनी काही अडत नाही. गोळी पाण्याबरोबर घेता येते.

गोळीची साठवणही दुर्लक्षित राहते. उष्णता, दमट हवा आणि प्रकाश यांनी लेव्होथायरॉक्सिनचा कस उतरतो. आपल्याकडे ते बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक गोळ्यांच्या बाटलीत मिळते आणि रोज झाकण उघडले जाते. ती बाटली गॅसच्या वरच्या फळीवर, खिडकीच्या उन्हात किंवा न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नये. कोकणातल्या पावसाळ्यात तर झाकण घट्ट लावण्याची विशेष काळजी घ्यावी. कंपनी बदलली तर प्रत्येक वेळी परिणाम अगदी तोच राहील असे नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. पुन्हा पाहावे.

राहिला विसर. ब्रेन फॉग असलेला माणूस गोळी घेतली की नाही हेच विसरतो आणि मग जडपणा आणखी वाढतो. यावर वारांचे खाने असलेली छोटी डबी उपयोगी पडते. त्यात एका आठवड्याच्याच गोळ्या भराव्यात आणि बाकीच्या मूळ बाटलीत राहू द्याव्यात. टी-४ शरीरात बराच काळ टिकते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे एखादा दिवस चुकला तर घाबरण्याचे कारण नसते. महिन्यात आठ-दहा दिवस चुकत असतील तर मात्र कोणताच डोस पुरेसा ठरणार नाही.

रिपोर्ट आणि वेळ

टी-४ च्या याच संथ स्वभावामुळे डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. त्याआधी केलेली टी.एस.एच. चाचणी दिशाभूल करते. मेंदूला बरे वाटायला तर त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो; टी.एस.एच. सुधारले तरी पुढचे काही महिने जडपणा हळूहळू कमी होत राहतो. निदान होण्याआधी दोन-तीन वर्षे आजार अंगात मुरलेला असेल तर हा काळ लांबतो. पहिल्या सहा महिन्यांत गोळीच्या नावाने निराश होणे म्हणूनच घाईचे ठरते.

चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, सकाळी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी करावी. गोळी घेतल्यावर काही तास रक्तातले टी-४ वाढलेले दिसते. आणखी एक सापळा केसगळतीवरच्या गोळ्यांचा आहे. थायरॉईड कमी झाले की केस गळतात. केस गळतात म्हणून बायोटिन घेतले जाते. आणि जास्त मात्रेतले बायोटिन काही यंत्रांच्या चाचण्यांत टी.एस.एच. खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवते. मग डोस जास्त झाला असे समजून तो कमी केला जातो आणि रुग्ण पुन्हा जड होतो. चाचणीपूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे आणि प्रयोगशाळेला तसे सांगावे.

थायरॉईडच्या नावावर जमा होणारी दुसरी दुखणी

एकदा थायरॉईडचे निदान झाले की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर मांडली जाते. रुग्ण तसे करतो, घरचे करतात आणि पुष्कळदा डॉक्टरही करतात. ब्रेन फॉगच्या बाबतीत ही सवय सर्वांत जास्त नुकसान करते, कारण तसाच जडपणा आणणारी आणि सहज बरी होणारी इतर कारणे भारतात घरोघर आहेत.

पहिले कारण लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थायरॉईड कमी असताना मासिक पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह आणखी घटते. हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातला लोहाचा साठा रिता असू शकतो. तो फेरिटिनच्या चाचणीने कळतो. लोहाअभावी येणारा थकवा आणि एकाग्रतेचा अभाव रुग्णाला थायरॉईडच्या जडपणापेक्षा वेगळा ओळखता येत नाही.

दुसरे कारण बी-१२ जीवनसत्त्व. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतल्या आणि शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होते. शाकाहार हे त्याचे मोठे कारण. शिवाय हाशिमोटो आजारात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तेव्हा, तशाच प्रकारे जठराच्या अस्तरावरही हल्ला होण्याची शक्यता वाढते आणि बी-१२ शोषले जाईनासे होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत धोका आणखी वाढतो. विसराळूपणाबरोबर पायांना मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल होणे अशा खुणा असतील तर बी-१२ ची चाचणी टाळू नये.

तिसरे कारण झोपेचे. थायरॉईड कमी असताना वजन आणि घशातली सूज वाढून घोरणे सुरू होते. झोपेत श्वास क्षणभर थांबणे आणि पुन्हा सुरू होणे असा प्रकार काहींना होतो. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण मेंदूला विश्रांती मिळत नाही. सकाळी डोके दुखत उठणे, दुपारी बसल्या जागी डुलकी लागणे आणि जोडीदाराने श्वास अडकल्याचे पाहणे या तीन खुणा सांगितल्या तर डॉक्टर झोपेची तपासणी सुचवतात. यावर थायरॉईडचा डोस वाढवून काहीच साधत नाही.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांत रजोनिवृत्तीचा काळ आणि थायरॉईडचा काळ अनेकदा एकत्र येतो. रात्री घाम फुटून जाग येणे, पाळी अनियमित होणे आणि शब्द न आठवणे हे त्या संक्रमणाचेही लक्षण आहे. उदासीनता हे आणखी एक कारण. नैराश्यात लक्ष लागत नाही, निर्णय घेता येत नाहीत, आणि ते थायरॉईडच्या रुग्णांत अधिक आढळते. त्याचे नाव घेताच रुग्णाला वाटते की आपली तक्रार खोटी ठरवली जात आहे. तसे मुळीच नाही. नैराश्य हा तितकाच खरा आणि उपचारांनी बरा होणारा आजार आहे. याशिवाय सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेची औषधे, मज्जातंतूंच्या वेदनेवरची काही औषधे यांनी डोके मंद होते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेण्याची जुनी पद्धत म्हणूनच चांगली आहे.

डोस वाढवणे आणि टी-३ जोडणे

वरचे सगळे तपासून झाल्यावर डोसचा प्रश्न येतो. टी.एस.एच. मर्यादेबाहेर असेल तर डोस बदलायलाच हवा. ते साधारण ०.४ ते ४ च्या मर्यादेत असूनही वरच्या टोकाला असेल, तर काही डॉक्टर ते मध्यावर आणून पाहतात. पण मर्यादेतच आणखी खाली आणल्याने बुद्धी तल्लख होते का? अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १३८ रुग्णांचे टी.एस.एच. सहा महिने तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवले गेले. कोणाला कोणता डोस आहे हे रुग्णांना माहीत नव्हते. स्मरण, मनःस्थिती, रोजचे जगणे यांत कामाचा म्हणावा असा फरक पडला नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, ज्यांना आपला डोस वाढला असे वाटले त्यांनी तोच पसंत केला. प्रत्यक्षात तो वाढलेला असो वा नसो.

डोस गरजेपेक्षा वाढला तर हृदयाचे ठोके अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे, हात थरथरणे आणि झोप उडणे असे त्रास होऊ शकतात. उडालेली झोप पुन्हा जडपणाच आणते. म्हणून स्वतःच्या मनाने अर्धी गोळी वाढवण्याचा मोह टाळावा. अश्वगंधेसारखी औषधी किंवा समुद्री शेवाळाच्या आयोडीनयुक्त गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून जोडण्यातही धोका आहे. दोन्हींनी थायरॉईडची पातळी हलू शकते.

टी-४ बरोबर थोडे टी-३ देण्याचा विचार १९९९ मध्ये जोराने पुढे आला. लिथुआनियातील ३३ रुग्णांच्या एका प्रयोगात असे मिश्रण दिल्यावर मनःस्थिती आणि बौद्धिक चाचण्यांत सुधारणा दिसली. त्यानंतर डझनाहून अधिक प्रयोग झाले आणि बहुतेकांत तसा ठळक फायदा आढळला नाही. तरी काही रुग्ण मिश्रणालाच पसंती देतात. डी-२ विकराच्या जनुकातला एक भेद त्यामागे असावा असा अंदाज आहे, पण पुरावे परस्परविरोधी आहेत. युरोपातील तज्ज्ञांनी २०१२ मध्ये मध्यम वाट सांगितली: इतर सगळी कारणे वगळली गेली असतील, तर अंतःस्रावी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तीन महिने हा प्रयोग करून पाहावा आणि फायदा नसेल तर थांबवावा. गर्भवती स्त्रिया आणि हृदयाची लय बिघडलेले रुग्ण यांच्यासाठी तो नाही. ही वाट समंजस आहे. अट एवढीच की ती शेवटी चालावी, सुरुवातीला नव्हे.

रोजचा दिवस

कारणांचा शोध चालू असताना किंवा सगळे उपाय करूनही थोडा जडपणा उरला असताना, दिवसाची कामे तर करावीच लागतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत ब्रेन फॉगची तक्रार असलेल्या पाच हजारांवर थायरॉईड रुग्णांनी आपले अनुभव नोंदवले. थकवा आणि विसराळूपणा या तक्रारी सर्वाधिक होत्या आणि कशाने बरे वाटते याचे सर्वाधिक उत्तर विश्रांती हे होते. जवळपास निम्म्यांनी त्रास निदानाआधीपासूनच असल्याचे सांगितले. थकवा आणि जडपणा सोबत चालतात, हे ध्यानात घेतले तर दिवसाची आखणी बदलता येते.

जडपणा दिवसभर सारखा नसतो. आठवडाभर दोन-तीन तासांनी वहीत एक शब्द लिहून ठेवला, उदाहरणार्थ ‘ठीक’, ‘जड’, ‘फार जड’, तर प्रत्येकाचा बरा वेळ सापडतो. हिशेब, महत्त्वाचे पत्र, नव्या गोष्टी शिकणे ही कामे त्या वेळात घालावीत. कपड्यांच्या घड्या, निवडणे-टिपणे अशी सवयीची कामे जड वेळेत. हीच वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते, कारण दहा मिनिटांच्या भेटीत आठवून सांगण्यापेक्षा दोन आठवड्यांची नोंद अधिक बोलते.

स्मरणावरचा भार उतरवण्यात कमीपणा मानू नये. किल्ल्या, चष्मा, मोबाइल यांची जागा ठरलेली असावी. गॅसवर काही ठेवले की मोबाइलचा गजर लावावा. यादी एकाच जागी असावी. फ्रीजवर एक, पर्समध्ये दुसरी आणि मोबाइलमध्ये तिसरी अशा तीन याद्या झाल्या की त्यांचाच विसर पडतो. एका वेळी एक काम हा नियम कठीण वाटतो, विशेषतः ज्या बाईला पोळ्या लाटता लाटता मुलाचा अभ्यास घ्यायचा असतो तिला. पण थकलेला मेंदू दोन कामांमध्ये ये-जा करताना सर्वांत जास्त चुकतो. बोलताना शब्द अडला तर त्याच्या मागे न लागता त्याचे वर्णन करून पुढे जावे. ताण सैल झाला की शब्द बहुधा आपोआप येतो.

व्यायामाने झोप, मनःस्थिती आणि एकाग्रता तिन्ही सुधारतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. थकलेल्या रुग्णाने तिथून सुरुवात करू नये. दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. झोपेची आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी.

घरच्यांचा वाटा मोठा आहे. ‘आळशी झालीस’, ‘लक्ष कुठे असते तुझे’ या वाक्यांनी रुग्ण तक्रार लपवायला शिकतो आणि लपवण्यातच त्याची शक्ती खर्च होते. पहाटेचे एखादे काम दुसऱ्याने उचलले तर गोळी आणि चहा यांच्यातला तास सापडतो, आणि अनेक घरांत उपचारातला हा सर्वांत परिणामकारक बदल ठरेल.

ब्रेन फॉग महिन्यांच्या गतीने येतो आणि जातो. काही तासांत गोंधळ उडणे, बोलणे अडखळणे, तोंड किंवा हात-पाय एका बाजूला लुळे पडणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, झटका येणे हे ब्रेन फॉग नव्हे. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. गोळी बंद केलेला वृद्ध रुग्ण थंडीच्या दिवसांत किंवा तापातून उठताना गुंगीत जात असेल, अंग थंड पडत असेल, तर तीही जिवावर बेतणारी अवस्था असते. गर्भ राहिल्याचे कळताच स्त्रीने डॉक्टरांना लगेच भेटावे, कारण त्या काळात थायरॉक्सिनची गरज बरीच वाढते आणि पहिल्या तिमाहीत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

गोळी नीट घेऊन आणि सहा महिने थांबूनही डोके जडच राहिले, तर पुढच्या भेटीत टी.एस.एच. बरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि रक्तातली साखर या चाचण्या मागून घ्याव्यात, आणि झोप व मन यांविषयी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे.